ब्राचा पट्टा काचतो तेव्हा: दोष तुमच्यात नाही, मापात आहे

(हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेली ‘अं, म्हणजे’ काढून टाकली आहेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय. बसमध्ये इअरफोन नसेल किंवा शेजारी कुणी कान देऊन बसलं असेल, तर हे वाचा.)

आजचा विषय जरा असा आहे की एपिसोडचं नाव वाचूनच काही जणांनी आवाज कमी केला असेल. करा, हरकत नाही. पण ऐका मात्र शेवटपर्यंत. आणि मुलग्यांनो, तुम्हीही थांबा. तुमच्या घरात आई आहे, बहीण आहे, उद्या बायको असेल. त्यांच्या रोजच्या दुखण्याची ही गोष्ट आहे.

विषय आहे ब्रा. त्यातही ब्राचा खालचा पट्टा. जो छातीखालून पाठीमागे जातो आणि हुकनं बंद होतो, तो. तो काचतो, रुततो, संध्याकाळी काढला की लाल वळ दिसतात. आणि आपण म्हणतो, ‘असंच असतं, सगळ्यांनाच होतं.’

मीही चार वर्षं तेच म्हणत होते.

वॉशरूममधली पाच मिनिटं

डिप्लोमा झाल्यावर मी चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागले. काम वायरिंग हार्नेसचं. म्हणजे गाडीच्या आत वायरींचं जे जाळं असतं ना, ते एका मोठ्या उभ्या बोर्डावर मांडायचं, क्लिपा लावायच्या, टेप गुंडाळायची. आमच्या लाइनवर जवळजवळ सगळ्या मुलीच होत्या. काम उभ्यानं, आणि हात सारखे खांद्याच्या उंचीवर. सेकंड शिफ्ट असली की दुपारी अडीचला उभं राहायचं ते रात्री अकरापर्यंत, मध्ये जेवण आणि चहा.

सातच्या चहापर्यंत माझ्या डाव्या बाजूला, छातीच्या खाली, बरगडीवर अशी कळ यायची की श्वास पूर्ण घेता येत नसे. मग मी काय करायचे? वॉशरूममध्ये जायचं, कुर्त्याच्या आतून हुक काढायचा, दोन मिनिटं भिंतीला टेकून नुसता श्वास घ्यायचा, परत हुक लावायचा, पळत लाइनवर. एका शिफ्टमध्ये तीन वेळा, कधी चार वेळा.

लाइनवर एक माणूस हलला की बोर्ड थांबतो. सुपरवायझरनं पहिल्यांदा हसत विचारलं, दुसऱ्यांदा न हसता. तिसऱ्यांदा रजिस्टरमध्ये ‘वारंवार जागेवर नसते’ असा शेरा आला. सहा महिन्यांनी ट्रेनीचं रिव्ह्यू असतं, पुढे ठेवायचं की नाही ते त्यावर ठरतं. मी त्यांना काय सांगणार होते? ‘सर, ब्रा टोचते’?

शेवटी मला वाटलं, हृदयाचंच काहीतरी आहे. डावीकडे दुखतंय ना! सुट्टीच्या दिवशी मोशीतल्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मग त्यांनी माझा कुर्ता थोडा वर करायला सांगितला, वळ बघितला आणि विचारलं, ‘हे किती दिवसांपासून? मापाची घालतेस का?’

मी म्हटलं, ‘हो, ३८ बी.’

त्या म्हणाल्या, ‘कुणी मोजलं?’

आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मला कधी कुणी मोजलंच नव्हतं.

नंबर येतो कुठून?

तुम्ही आठवून बघा, तुमचा नंबर तुम्हाला कुणी सांगितला? माझा पहिला नंबर आईनं ठरवला, आठवीत असताना. पुढे पिंपरी कॅम्पात खरेदीला जायचो. दिवाळीच्या आधी कॅम्पात काय गर्दी असते माहितीये ना, मुंगीला शिरायला जागा नाही. काउंटरच्या पलीकडे एक दादा उभे. ते एक नजर टाकतात आणि म्हणतात, ‘चौतीस होईल.’ मागे दहा बायका उभ्या. आपण मान खाली घालून पैसे देतो, काळी पिशवी घेतो आणि निघतो. घालून बघायची सोय नाही, परत घेणार नाहीत.

ते ३४ बी मला काचायला लागलं. आता काचतंय म्हटल्यावर डोक्यात काय येतं? घट्ट आहे, मोठी घ्या. मी ३६ बी घेतली. थोडं बरं वाटलं, पण काखेच्या बाजूला काचायचंच. मग ३८ बी. आता पट्टा पाठीवर वर सरकायला लागला आणि पुढे खाली घसरून बरगडीवर घासायला लागला. पट्टा टिकेना म्हणून खांद्याचे स्ट्रॅप घट्ट केले. मग खांद्यावर खाचा पडल्या, मान आखडली. म्हणजे नंबर वाढवत गेले आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी जागा बदलत गेलं.

हे असं का झालं, ते आज नीट समजून घेऊ. कारण ते कळलं की अर्धा प्रश्न सुटतो.

वजन पट्टा उचलतो, स्ट्रॅप नाही

पहिली गोष्ट. बहुतेकींना वाटतं की ब्रा खांद्यावरून लटकते. नाही. बहुतेक भार खालचा पट्टा उचलतो. स्ट्रॅप फक्त कप जागेवर ठेवतात. म्हणून पट्टा अंगाला नीट धरून बसलेला हवा, जमिनीला समांतर. पाठीवर तो वर चढला असेल तर तो आपलं काम करत नाही, आणि मग ते काम खांद्यांवर पडतं.

माझी आजी नऊवारीवर चोळी घालायची. खणाची, पुढे गाठ मारायची चोळी. ती गाठ म्हणजे काय होतं? रोज सकाळी स्वतःच्या अंगाच्या मापानं केलेलं फिटिंग. पोट भरलेलं असेल, पाळी यायची असेल, बाळ अंगावर पीत असेल, त्या दिवशी गाठ थोडी सैल. दुसऱ्या दिवशी थोडी आवळून. आपण तयार नंबरावर आलो आणि ही सोय गेली. आता आपल्याकडे उरलेत मागचे दोन-तीन हुक.

आजच्या ब्राचं पेटंट अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या बाईंनी १९१४ मध्ये घेतलं. गोष्ट अशी सांगतात की त्यांनी दोन रेशमी रुमाल आणि रिबिनी जोडून पहिली ब्रा केली. पण कपला ए, बी, सी, डी ही अक्षरं लागली ती १९३० च्या दशकात. म्हणजे आपण ज्या ‘३४ बी’ला जन्मखुणेसारखं धरून बसतो, ती पद्धत शंभर वर्षांचीही नाही. तो फक्त एक आकडा आणि एक अक्षर आहे. आकडा पट्ट्याचा, अक्षर कपचं. आणि अक्षर एकटं काहीच सांगत नाही.

हे वाक्य परत सांगते, कारण इथेच सगळं अडतं. ‘बी’ म्हणजे लहान आणि ‘डी’ म्हणजे खूप मोठी, असं नसतं. पट्टा वाढला की त्याच अक्षराचा कपही वाढतो. ३४ सीचा कप आणि ३६ बीचा कप जवळपास सारख्याच मापाचा असतो. तसंच ३८ बी, ३६ सी आणि ३४ डी. तिघींचा कप जवळपास एकच, फक्त पट्टा वेगवेगळा. याला सिस्टर साईझ म्हणतात. पट्टा एक नंबर वर गेला, तर अक्षर एक खाली.

आता माझी गोष्ट परत बघा. ३४ बीमध्ये मला काचत होतं. मी ३८ बीपर्यंत गेले. म्हणजे नकळत मी मोठा कप शोधत होते! मला हवा होता ३४ डीचा कप. तो मला ३८ बीमध्ये मिळाला, पण त्याच्याबरोबर दोन नंबर सैल पट्टा गळ्यात पडला. ‘डी’ माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ‘डी म्हणजे सिनेमातल्या बायका,’ एवढीच माझी अक्कल.

घरी करायची एक मिनिटाची परीक्षा

‘पण मग ३४ बीचा पट्टा काचत का होता? पट्टा तर बरोबर होता ना?’ हो. कप लहान असला की छातीचा भाग कपात मावत नाही. तो जागा मागतो आणि पट्ट्याला पुढून ओढतो. मग बरोबर मापाचा पट्टासुद्धा आवळल्यासारखा वाटतो. दुखणं पट्ट्यात, दोष कपचा.

हे ओळखायचं कसं? दार लावा आणि हे करा. ब्रा उलटी घाला. म्हणजे कप पाठीमागे आणि हुक पुढे. हात स्ट्रॅपमध्ये घालू नका. सर्वांत बाहेरचा, म्हणजे सर्वांत सैल हुक लावा. आता पट्टा एकटाच तुमच्या अंगावर आहे, कपात काही नाही.

असं घातल्यावर पट्टा आरामात बसला, काचला नाही, तर पट्टा ठीक आहे आणि कप लहान आहे. पट्टा तोच ठेवा, अक्षर वाढवा.

असं घातल्यावरही श्वास अडला, हुक लावायलाच ओढाताण झाली, तर पट्टा खरंच घट्ट आहे. पट्टा एक नंबर वाढवा. कप आधी नीट बसत असेल तर अक्षर एक कमी करा.

आणि असं घातल्यावर पट्टा घसरून कमरेकडे चालला, तर पट्टा सैल आहे. तुम्हाला जे दुखतंय ते घासण्याचं दुखणं आहे, आवळण्याचं नाही. पट्टा कमी करा, अक्षर वाढवा.

मी हे रूमवर केलं तेव्हा ३८ची ब्रा सरळ खाली गेली. रूममेट हसून हसून लोळली. मग तिनं स्वतःची करून बघितली आणि हसणं थांबलं. तिची तर बोटही जाणार नाही इतकी घट्ट होती.

कुठे दुखतं, त्यावरून काय कळतं

दोन्ही काखांच्या खाली, बाजूला टोचत असेल, तर बहुतेक कप लहान आहे. वायरवाली असेल तर वायरचं टोक छातीच्या मऊ भागावर येतं. वायर सगळी बरगडीवर बसली पाहिजे, मांसावर नाही.

समोर मधोमध, छातीच्या हाडावर टोचत असेल, तर दोन कपांमधला भाग तुमच्यासाठी रुंद किंवा उंच आहे. तिथे कमी उंचीची किंवा बिनवायरची ब्रा बघा.

छातीच्या खाली सगळीकडून गोल वळ असेल आणि तो तासाभरात जात नसेल, तर पट्टा घट्ट आहे, किंवा पट्टाच फार अरुंद आहे. एक बोट रुंदीचा पट्टा सगळा दाब एका रेषेवर देतो. दोन-तीन हुकांचा रुंद पट्टा तोच दाब पसरवतो. दप्तराचा बारीक बंद खांद्यात रुततो आणि रुंद बंद रुतत नाही, तसंच.

फक्त हुकच्या जागी, पाठीवर खाज आणि लाल चट्टा असेल, तर हुकच्या धातूची ॲलर्जी असू शकते. खोट्या कानातल्यांनी ज्यांचे कान पिकतात, त्यांनी हे लक्षात ठेवा. कारण दोन्हीकडे निकेल हा एकच धातू असू शकतो. हुकच्या आत मऊ कापड शिवलेलं असावं.

मोजायचं कसं

शिलाईचा टेप घ्या. घरात नसेल तर शेजारच्या ब्लाऊज शिवणाऱ्या काकूंकडे असतोच. आरशासमोर उभं राहा. अंगात ब्रा नको, किंवा अगदी पातळ, पॅड नसलेली असू दे.

पहिलं माप छातीच्या अगदी खाली, जिथे पट्टा बसतो तिथे. टेप मागे आणि पुढे सारख्या उंचीवर. श्वास सोडून, टेप अंगाला लागेल पण रुतणार नाही असं. हा आकडा सेंटिमीटरमध्ये लिहा.

दुसरं माप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून. टेप सैलसर. हाही सेंटिमीटरमध्ये. पाळीच्या आधीच्या दिवसांत छाती जड होते, म्हणून शक्य असेल तर एकदा तेव्हा आणि एकदा पाळीनंतर मोजा. दोन्हींमध्ये फरक असेल तर घाबरू नका, तो असतोच.

सेंटिमीटर का म्हणतेय? कारण इंचांत मोठा घोळ आहे. एका व्हिडिओत सांगतात, ‘खालचं माप जेवढे इंच, तोच नंबर.’ दुसऱ्यात सांगतात, ‘त्यात चार-पाच मिळवा.’ दोघी ठाम! आणि ऐकणारी गोंधळलेली. बऱ्याच पाकिटांवर ३४ च्या शेजारी ७५ असंही छापलेलं दिसेल. हे ७५ म्हणजे छातीखालचं माप, सेंटिमीटरमध्ये. ७५ सेंटिमीटर म्हणजे साडेएकोणतीस इंच. म्हणजे या पद्धतीत ३४ नंबरची ब्रा ३४ इंचांची नसतेच! ३२ म्हणजे ७०, ३४ म्हणजे ७५, ३६ म्हणजे ८०. तुमचं माप ३० इंच आलं आणि तुम्ही ३० नंबर घेऊन आलात, तर या तक्त्यानुसार ती ६५ सेंटिमीटरच्या अंगासाठी आहे. काचणारच.

पण सगळे ब्रँड एकच तक्ता वापरत नाहीत. म्हणून इंटरनेटवरचं सूत्र पाठ करू नका. ज्या ब्रँडची घेणार, त्याचा तक्ता मोबाइलवर उघडा, ‘अंडरबस्ट’ आणि ‘बस्ट’ असे दोन रकाने असतात, त्यात आपले दोन आकडे शोधा. बास.

माझे आकडे ७६ आणि ९५ आले. ७६ म्हणजे ७५ च्या जवळ, पट्टा ३४. दोन्हींतला फरक १९. या सेंटिमीटरच्या पद्धतीत १४ ते १६ फरक म्हणजे बी, १६ ते १८ म्हणजे सी, १८ ते २० म्हणजे डी. म्हणजे ३४ डी. चार वर्षं मी ज्या दुखण्याला नशीब म्हणत होते, ते दोन आकड्यांत निघालं.

दुकानात काय करायचं

टेपचा आकडा ही फक्त सुरुवात आहे. शेवटचा निकाल अंगावर घालूनच लागतो. म्हणून ट्रायल रूम असलेल्या दुकानात जा, किंवा ऑनलाइन मागवत असाल तर परत घेणार का ते आधी बघा. लेबल तोडू नका.

नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, सैल हुकवर नीट बसली पाहिजे. आतल्या हुकवर बसत असेल तर घेऊ नका. कारण वापरून इलॅस्टिक सैल होतं, तेव्हा आत सरकायला हुक शिल्लक हवेत.

पुढे वाका, छाती कपात नीट भरून घ्या, बाजूचा भागही हातानं आत घ्या. मग सरळ उभ्या राहा. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, अख्खी मूठ जाऊ नये. कपच्या वरून भाग बाहेर येत असेल तर कप लहान. कप चुरगळत असेल तर मोठा.

आणि आता आपली खास परीक्षा. ट्रायल रूममध्ये सरळ उभं राहून आरशात बघितलं की सगळ्याच ब्रा बरोबर वाटतात. तुमचं काम जसं आहे तसं करून बघा. लाइनवर उभ्या राहत असाल तर हात खांद्याच्या वर नेऊन वीसपर्यंत मोजा. खालून क्रेट उचलत असाल तर वाका. हिंजवडीला लॅपटॉपवर बसत असाल तर पोक काढून बसा, कारण बसल्यावर बरगड्या पसरतात आणि पट्टा आवळतो. मी तर खोल श्वास घेऊन दोन शिंकाही काढून बघते. हसू नका, तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकल्यावर आठवण येईल.

पैशाचं काय? खरंय, ट्रेनीच्या पगारात चांगली ब्रा महाग वाटते. आत्ताची ब्रा फक्त पट्ट्यालाच घट्ट असेल, कप बरोबर असेल, तर हुकची जादा पट्टी मिळते. एक्स्टेंडर म्हणतात. शिलाईचं साहित्य मिळतं त्या दुकानात विचारा, अगदी स्वस्त असते. मागे लावली की पट्टा दोन-तीन सेंटिमीटर वाढतो. पण कप लहान असेल तर तिचा उपयोग नाही, हेही लक्षात ठेवा.

बऱ्याच जणी शिफ्टला स्पोर्ट्स ब्रा घालतात, काही जणी एकावर एक दोन. डोक्यावरून घालायच्या ब्राला हुक नसतात, म्हणजे सैल करायची सोयच नाही. धावायला, जिमला ठीक आहे. आठ-दहा तासांसाठी घ्यायचीच तर जिला मागे हुक आहेत अशी घ्या.

घाम, वास आणि टॉवेलखालची दोरी

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते सांगायला नको. पट्ट्याखाली घाम साचतो, चामडी ओली राहते आणि तिथे घामोळं किंवा बुरशी येते. यात आपली एक सवय भर घालते. आपण ब्रा वाळत कुठे घालतो? टॉवेलखाली, ओढणीखाली, बाथरूमच्या दाराआड. कुणाला दिसू नये म्हणून. ती नीट वाळतच नाही, आणि आपण ती दमट अंगात घालतो. आमच्या पीजीत आम्ही शेवटी एक दोरी गच्चीवर फक्त आमच्यासाठी बांधली. सगळ्या राजरोस वाऱ्यावर. जग बुडालं नाही.

निदान तीन ब्रा आलटून पालटून घाला, म्हणजे इलॅस्टिकलाही विश्रांती मिळते. गरम पाणी नको, पिळून काढू नका, मशीनमध्ये टाकायचीच तर जाळीच्या पिशवीत. घरी आल्यावर छातीखालचा भाग धुवून कोरडा करा.

गोल, कडेनं लाल, खाजणारा चट्टा असेल तर तो नायटा असू शकतो. त्यावर मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, आणि मग नायटा आणखी पसरतो आणि ओळखू येईनासा होतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

दोष ब्राचा नसतो तेव्हा

हा भाग लक्ष देऊन ऐका. माझी रूममेट, तीच हसणारी, ती माप बदलल्यावर छान होती. दोन महिन्यांनी तिला परत पट्ट्याच्या जागी जळजळ सुरू झाली. फक्त उजवीकडे. आम्ही दोघी आता ‘तज्ज्ञ’ झालेल्या! म्हटलं, नवीन ब्राचं कापड लागलं असेल. तिसऱ्या दिवशी पाण्याचे बारीक फोड आले, पाठीपासून पुढपर्यंत, अर्ध्या पट्ट्यासारखे. ती नागीण होती.

नागीण कांजिण्यांच्याच विषाणूनं होते. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू मज्जातंतूंमध्ये झोपून राहतो आणि कधीतरी परत उठतो. छातीवर ती एका बाजूला पट्ट्यासारखी येते, नेमकी ब्राच्या जागी, म्हणून फसायला होतं. फोड यायच्या आधीच जळजळ सुरू होते. गावाकडून फोन आले, गेरू लावा, दोन टोकं जुळली तर माणूस जातो. असं काही नसतं. पण औषध लवकर हवं, फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोग होतो. ती त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली म्हणून लवकर सुटली.

म्हणून नियम साधा ठेवा. ब्रा न घालता दोन-तीन दिवस गेले, सुट्टीत घरी होतात, तरी तिथेच दुखतंय? मग ते ब्राचं नाही, दाखवून घ्या. छातीच्या हाडाजवळ बोटानं दाबलं की नेमकं एका जागी दुखत असेल, तर बरगडीच्या कुर्चेला सूज असू शकते, हेही डॉक्टरच बघतील. छातीत गाठ लागली, एका बाजूची त्वचा आत ओढल्यासारखी दिसली, निप्पलमधून रक्त किंवा पाणी आलं, तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका. आणि छातीत दाब, घाम, धाप, हात किंवा जबडा दुखणं असं एकत्र आलं तर थेट इमर्जन्सी. तेव्हा हुक सोडून भिंतीला टेकायचं नाही.

पगारातून ईएसआय कापलं जात असेल तर तो तुमचाच हक्क आहे, वापरा. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं हॉस्पिटल आहे. महापालिकेचं वायसीएम संत तुकारामनगरला आहे.

आणि ते एक फॉरवर्ड, ‘ब्रा घातल्यानं कॅन्सर होतो’. २०१४ मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन संशोधन केंद्रानं दीड हजाराच्या आसपास बायकांना विचारून हे तपासलं. किती तास घालता, वायरची घालता का, कितव्या वर्षी सुरू केली. कॅन्सरशी काही संबंध सापडला नाही. त्यामुळे घालायची तर घाला, घरी नको वाटली तर नका घालू. भीतीनं नको, सोयीनं ठरवा.

शेवटी

माझं पुढं काय झालं? ३४ डी घातल्यावर पहिल्या शिफ्टला मला सातच्या चहाची वेळ कळलीच नाही. शेजारची म्हणाली, ‘आज गेली नाहीस?’ तेव्हा लक्षात आलं. त्या शेऱ्यामुळे माझं रिव्ह्यू मात्र एक महिना पुढे ढकललं गेलं. ते मी विसरले नाही. कारण त्या रजिस्टरमध्ये दुखण्याचा रकानाच नव्हता.

नंतर मी आमच्या लाइनवरच्या एका ताईला सांगितलं. तिनं चेंजिंग रूममध्ये टेप आणून ठेवला, लॉकरच्या वरच्या खणात. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं, पण दर आठवड्याला टेपची जागा बदललेली असायची.

तर आज घरी गेल्यावर एवढंच करा. टेप शोधा, दोन आकडे लिहा, मोबाइलमध्ये ठेवा. आणि ज्या मुलींना हे ऐकायची गरज आहे पण त्या विचारणार नाहीत, त्यांना हा एपिसोड गुपचूप पाठवा. आईलाही पाठवा. माझ्या आईला पन्नाशीत पहिल्यांदा स्वतःचं माप कळलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, ‘अगं, एवढं सोपं होतं?’

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि मोकळा श्वास घ्या!